कॉम्प्लेक्स अर्धवट थांबलं, गाळ्याचे पैसे अडकले: कोणत्या क्रमानं काय करायचं

जळगावात दुय्यम निबंधक कार्यालयाबाहेर माझं टेबल आहे. साठेखतं (खरेदीआधीचे विक्रीचे करार), खरेदीखतं, हक्कसोडपत्रं, विकसन करारनामे लिहिणं हा माझा धंदा. तेजीच्या वर्षांत माणसं पेढे घेऊन यायची: नवी पेठेत गाळा घेतला, रिंग रोडला ऑफिस बुक केलं, मुलासाठी दुकान झालं. आता त्यातलीच काही माणसं प्लॅस्टिकच्या पिशवीत पावत्या घेऊन येतात. परवा अमळनेरकडचे एक आबा टेबलासमोर बसले आणि एवढंच बोलले, "पैसा बुडी गयात का भाऊ?" रावेर-यावलच्या केळीचे पैसे, मास्तरांचा भविष्य निर्वाह निधी, सुनेचे मोडलेले दागिने, असं सगळं त्या अर्धवट खांबांत गुंतलेलं आहे. त्यांच्यासाठी हे लिहितोय.

पहिली गोष्ट नीट समजून घ्या. थांबलेल्या इमारतीवर एकट्या बिल्डरचा हक्क नसतो. जमीनमालक, कर्ज देणारी बँक, महापालिका, सळई-सिमेंटचा उधारीवाला, बाकीचे बुकिंगवाले, सगळे एकाच मालमत्तेसमोर रांगेत उभे असतात. त्या रांगेत तुमची जागा तुमच्या हातातला कागद ठरवतो. बिल्डरनं दिलेला शब्द तिथं मोजला जात नाही. म्हणून आधी कागद, मग बोलणी, मग तक्रार. बहुतेक जण उलट करतात. वर्षभर बिल्डरच्या ऑफिसच्या चकरा मारतात आणि कागद शेवटी बघतात.

काम का थांबतं, तेही दोन वाक्यांत सांगतो, कारण उपाय त्यावर ठरतो. तेजीत बिल्डर पुढच्या बुकिंगच्या पैशावर मागचं बांधकाम करत होते, आणि उरलेल्या पैशातून पुढची जमीन घेत होते. नोव्हेंबर २०१६ मध्ये नोटाबंदी आली, २०१७ मध्ये रेरा (बांधकाम प्रकल्पांचा कायदा) आणि जीएसटी आले, २०१८ नंतर वित्तसंस्थांनी कर्ज आखडलं, २०२० मध्ये टाळेबंदी. नवं बुकिंग थांबलं की जुनं बांधकाम थांबलं. खानदेशात याला आणखी एक कारण जोडून येतं: वडिलोपार्जित जागा आणि बहिणींच्या न घेतलेल्या सह्या. ते पुढे सांगतो.

आधी जागेवर जा

सकाळी जा, बिल्डरला न कळवता जा. किती स्लॅब पडलेत, तळघरात पाणी साठलंय का, खांबांच्या वर निघालेल्या सळया गंजून सोलल्यात का, हे तारखेसह फोटोत घ्या. बोर्डवरचा महारेरा (रेरा कायद्याचं राज्यातलं प्राधिकरण) क्रमांक आणि बांधकाम परवानगीचा क्रमांक टिपून घ्या. शेजारच्या टपरीवाल्याला आणि वॉचमनला काम नेमकं कधीपासून बंद आहे ते विचारा. एवढ्यावर थांबू नका, ज्या दुकानातून त्या साइटला सिमेंट-सळई जायची, तिथंही चौकशी करा. बिल्डरची उधारी कुठं आणि किती थकली, हे सर्वांत आधी त्या दुकानदाराला माहीत असतं. काळ्या मातीत खोदलेलं तळघर दोन-तीन पावसाळे उघडं राहिलं असेल, तर एखादा स्वतंत्र स्ट्रक्चरल इंजिनिअर दाखवा. ज्यावर उरलेले मजले चढवायचे तो पायाच शंकास्पद असेल, तर "ताबा हवा" हा हट्ट धरण्याआधी ते कळलेलं बरं.

तुमच्या हातात काय आहे

पिशवी टेबलावर उपडी करा आणि कागद वेगळे करा. नोंदणीकृत साठेखत असेल, त्याची सूची क्रमांक दोन (नोंदणीचा उतारा) असेल, तर तुमची बाजू भक्कम. नुसतं वाटपपत्र (अमुक गाळा तुम्हाला दिला, असं बिल्डरचं पत्र) असेल तर मधली. शंभराच्या किंवा पाचशेच्या स्टॅम्पपेपरवर नोटरी केलेला करार असेल, तर अनेकांना वाटतं की रजिस्टर झालंय. नाही झालेलं. नोटरी म्हणजे नोंदणी नव्हे. तरीही तो कागद फेकू नका, पैसे दिल्याचा पुरावा म्हणून तो चालतो.

आणि घाबरूनही जाऊ नका. रेरा कायद्याच्या कलम १३ प्रमाणे नोंदणीकृत साठेखत केल्याशिवाय बिल्डरला किमतीच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घेता येत नाही. त्यानं तुमच्याकडून निम्मे पैसे घेऊन नुसती पावती दिली असेल, तर कायदा मोडला त्यानं. तक्रारीत ही गोष्ट पहिल्या पानावर लिहा.

रोख दिलेल्या पैशांचं दुखणं वेगळं. २०१५ पासून स्थावर मालमत्तेच्या व्यवहारात वीस हजार किंवा त्याहून अधिक रक्कम रोखीनं स्वीकारायला मनाई आहे, तरी चिठ्ठीवर घेतलेले पैसे आजही निघतात. ज्या दिवशी पैसे दिले त्याच्या आधीची बँकेतून काढल्याची नोंद, सराफाची दागिने मोडल्याची पावती, केळीच्या गाडीची पट्टी, बिल्डरच्या माणसाशी झालेले व्हॉट्सअॅप संदेश, हे सगळं तारखेनुसार लावा. मग बिल्डरला स्पीड पोस्टानं साधं पत्र लिहा: अमुक तारखेला अमुक रक्कम, एकूण इतकी, गाळा क्रमांक इतका, कृपया हिशेबाची पोच द्यावी. भाषा शांत ठेवा. त्यानं उत्तरात एक रक्कम जरी लेखी मान्य केली, तरी ते उत्तर सोन्यासारखं जपा.

बँकेचं कर्ज असेल तर हप्ता अचानक बंद करू नका. राग बिल्डरवर असतो आणि सिबिल तुमचं खराब होतं. बँकेला लेखी कळवा की काम अमुक टप्प्यावर थांबलंय, पुढचा हप्ता बिल्डरला सोडू नये. सोबत फोटो जोडा.

महारेराच्या पानावर काय वाचायचं

महारेराच्या संकेतस्थळावर प्रकल्पाचा क्रमांक टाका. सुरुवातीला दिलेली पूर्णत्वाची तारीख आणि नंतर वाढवलेली तारीख, दोन्ही बघा. तुमच्या साठेखतातली ताब्याची तारीख यांच्याशी ताडून पाहा, कारण तुमचा हक्क साठेखतातल्या तारखेवरून मोजला जातो. बिल्डरनं पुढे परस्पर घेतलेल्या मुदतवाढीनं तो संपत नाही. बिल्डरनं दर तीन महिन्यांनी प्रगती भरायची असते. आर्किटेक्ट, इंजिनिअर आणि सनदी लेखापाल यांचे दाखले तिथं असतात. कागदावर सत्तर टक्के काम आणि जागेवर दोनच स्लॅब असं दिसलं, तर दोन्हींचे पुरावे शेजारी-शेजारी ठेवा. खरेदीदारांकडून आलेल्या पैशांपैकी ७० टक्के रक्कम वेगळ्या खात्यात ठेवून ती फक्त त्या प्रकल्पाच्या जमिनीवर आणि बांधकामावरच खर्च करायची असते. ते पैसे दुसऱ्या जागेत गेले का, हा प्रश्न इथूनच उभा राहतो. प्रकल्पाची मुदत संपून तो "व्यपगत" म्हणून दाखवला असेल, तर तेही छापून ठेवा.

इथं गावच्या मध्यवस्तीतली एक अडचण आहे. ५०० चौरस मीटरपर्यंतची जागा किंवा ८ पर्यंत गाळे-सदनिका असतील, तर रेरा नोंदणी लागत नाही. बळीराम पेठेतले, दाणाबाजाराच्या बाजूचे किंवा धुळ्यातल्या नंबराच्या गल्ल्यांमधले जुने प्लॉट अरुंद आणि खोल असतात. त्यांवरची पुष्कळ छोटी कॉम्प्लेक्स या मर्यादेच्या आत बसतात. तुमचं तसं असेल तर रस्ता जिल्हा ग्राहक आयोगाचा. तिथं ५० लाखांपर्यंत मोबदला दिलेली प्रकरणं चालतात. दुकान स्वतः बसून पोट भरण्यासाठी घेतलंय, हे अर्जात स्पष्ट लिहा. गुंतवणूक म्हणून तीन-चार गाळे घेतले असतील तर "व्यापारी हेतू" म्हणून हरकत येते. रेरामध्ये ही अडचण नाही, तिथं गाळा, ऑफिस, सदनिका सगळ्यांना सारखाच हक्क आहे.

जमिनीचा कागद

आता माझ्या कामाचा भाग, म्हणून जरा थांबून सांगतो.

जागेचा सातबारा किंवा सिटी सर्व्हेचं मालमत्ता पत्रक काढा. मालक कोण, इतर हक्कात कोणाचा बोजा, हे बघा. बहुतेक वेळा बिल्डर मालक नसतोच. मालकानं विकसन करारनामा आणि कुलमुखत्यारपत्र करून दिलेलं असतं आणि बदल्यात काही गाळे स्वतःला ठेवलेले असतात. असा हिस्सा घेणारा, विक्रीत भागीदार असणारा जमीनमालकही रेराच्या दृष्टीनं प्रवर्तक, म्हणजे बिल्डरसारखाच जबाबदार, ठरू शकतो. त्यालाही तक्रारीत पक्षकार करा. "मी फक्त जागा दिली" एवढं म्हणून त्याला बाजूला होता येत नाही.

विकसन करारनाम्यावर सह्या मोजा. ९ सप्टेंबर २००५ च्या दुरुस्तीनंतर वडिलोपार्जित मिळकतीत मुलींना मुलांइतकाच हक्क आहे. आपल्याकडे भावांनी सह्या केल्या, चोपड्याला-शहाद्याला दिलेल्या बहिणींना विचारलंच नाही, आणि नंतर त्यांनी दिवाणी दावा लावून मनाई घेतली, अशी प्रकरणं माझ्या टेबलावर येत राहतात. त्या बहिणींचं काही चुकत नाही. तुमचं काम असं आहे की दावा कोणत्या न्यायालयात आहे, मनाई कशावर आहे, हे शोधायचं. मनाई फक्त मालकाच्या हिश्शातल्या गाळ्यांवर असेल तर तुमचा गाळा मोकळा असू शकतो.

मग शोध घ्या. निबंधक कार्यालयातल्या दोन सूची आपल्या कामाच्या. सूची एक नावावरून, सूची दोन मालमत्तेवरून. नोंदणी कायद्यानं कोणत्याही नागरिकाला फी भरून त्या पाहता येतात, आणि नोंदणी विभागाच्या ई-सर्चवरही मालमत्तेच्या क्रमांकावरून दस्त दिसतात. बघायचं हे: या जागेवर बँकेचं गहाणखत कधी झालं, तुमच्या साठेखताच्या आधी की नंतर. तुमचाच गाळा दुसऱ्या कोणाला विकलाय का. दोघांना विकलेले गाळे असतात, आणि कोणाचा करार आधीचा आणि नोंदलेला, हे तिथं महत्त्वाचं ठरतं.

महापालिकेच्या नगररचना विभागात माहितीच्या अधिकाराचा अर्ज द्या, दहा रुपयांची फी आहे. मंजूर नकाशा, प्रारंभ प्रमाणपत्र, मुदतवाढीचे आदेश, थकीत रक्कम मागा. बांधकाम परवानगी एक वर्षाची असते. ती वर्षावर्षानं वाढवता येते, पण वाढ तीन वर्षांच्या पुढे जात नाही. काम सुरूच झालं नसेल आणि ही मुदत उलटून गेली असेल, तर नव्यानं परवानगी लागते. डिसेंबर २०२० पासून मुंबईसारखे काही भाग वगळता राज्यभर एकत्रित विकास नियमावली लागू झाल्यानं नवा नकाशा जुन्यापेक्षा वेगळा निघू शकतो. मग तुमचा तळमजल्याचा गाळा त्यात कुठे बसतो, हे विचारायलाच हवं.

पैसे परत की गाळा

कलम १८ तुम्हाला निवड देतं. ताबा वेळेत दिला नाही तर पूर्ण रक्कम व्याजासह परत मागा, किंवा प्रकल्पात राहून ताबा मिळेपर्यंत दर महिन्याचं व्याज मागा. महाराष्ट्रात हे व्याज स्टेट बँकेच्या सर्वाधिक एमसीएलआरवर (बँकेचा कर्जाचा आधारभूत दर) २ टक्के धरून काढतात. ११ नोव्हेंबर २०२१ ला सर्वोच्च न्यायालयानं न्यूटेक प्रमोटर्स प्रकरणात सांगितलं की परतावा मागण्याचा हा हक्क बिनशर्त आहे. बिल्डरची अडचण काय होती, यावर तो अवलंबून नाही. तक्रारीची फी ५,००० रुपये आहे, अर्ज ऑनलाइन भरायचा, सुनावणी व्हिडिओवर होते. जळगावहून मुंबईला खेटे घालावे लागत नाहीत. बिल्डरला अपील करायचं असेल तर ग्राहकाला द्यायची रक्कम आधी भरावी लागते, ही तरतूद फार उपयोगाची आहे.

पण आदेश हाती पडला म्हणजे पैसे हाती पडले, असं होत नाही. आदेशातली मुदत उलटली की अंमलबजावणीचा अर्ज करायचा. मग महारेराचं वसुली वॉरंट जिल्हाधिकाऱ्यांकडे येतं आणि जमीन महसुलाची थकबाकी म्हणून तहसीलदार वसुली करतात. इथं फायली महिनोन् महिने पडून राहतात, कारण तहसीलच्या माणसाला बिल्डरची मालमत्ता कुठे आहे ते ठाऊक नसतं. ते काम तुम्ही करून द्या. सूची एक बिल्डरच्या नावानं, भागीदारांच्या नावानं शोधा. भुसावळला प्लॉट, एमआयडीसीत शेड, गावाकडची शेती, जे निघेल त्याचे गट क्रमांक, सातबारे, सूची दोनच्या प्रती एका फाइलीत लावून तहसील कार्यालयात पोच घेऊन द्या. जप्ती करायची तर कशावर, हे कागदावर समोर असलं की फाइल हलते. भागीदारी फर्म असेल तर भागीदार वैयक्तिक मालमत्तेनिशी जबाबदार असतात. प्रायव्हेट लिमिटेड कंपनी असेल तर साधारणपणे कंपनीच्याच मालमत्तेवर थांबावं लागतं. म्हणून माझं मत असं: बिल्डरकडे दुसरी मोकळी मालमत्ता दिसत असेल तर परतावा मागा. दुसरं काहीच दिसत नसेल आणि इमारत निम्म्याहून वर आली असेल, तर सगळ्यांनी मिळून ती पूर्ण करण्याचा विचार करा.

त्यासाठी व्हॉट्सअॅप ग्रुप पुरत नाही. ५१ टक्के बुकिंग झाल्यावर तीन महिन्यांत खरेदीदारांची संस्था स्थापन करण्यासाठी अर्ज देणं महाराष्ट्राच्या नियमांनुसार बिल्डरचं काम आहे. तो करत नसेल तर खरेदीदारांनी पुढाकार घ्यावा. नोंदणी रद्द झाली किंवा संपली तर उरलेलं काम करण्याचा पहिला हक्क कलम ८ प्रमाणे खरेदीदारांच्या संस्थेला आहे. बिल्डर दुसऱ्याला प्रकल्प सोपवत असेल तर कलम १५ खाली दोन-तृतीयांश खरेदीदारांची लेखी संमती आणि महारेराची परवानगी लागते. या संमतीवर कोणाच्या घाईनं सही करू नका.

आधी हिशेब मांडा. समजा ४० गाळे आहेत, २६ विकलेत. त्या २६ जणांकडून सरासरी ४ लाख येणं बाकी, म्हणजे १ कोटी ४ लाख. उरलेले १४ गाळे १५ लाखांनी गेले तर २ कोटी १० लाख. जमा ३ कोटी १४ लाख. उरलेलं बांधकाम २ कोटी २५ लाख, बँक १ कोटी २० लाख, खर्च ३ कोटी ४५ लाख. तूट ३१ लाख, म्हणजे माणशी साधारण १ लाख २० हजार. हे पेलण्यासारखं आहे. पण १५ लाख हा तेजीतला भाव. मंदीत तेच गाळे १२ लाखांना गेले तर तूट ७३ लाखांवर जाते आणि माणशी २ लाख ८१ हजार येतात. बैठकीत दुसरा हिशेब आधी वाचा. तो ऐकून जे थांबतील त्यांच्यावरच भरवसा ठेवा. बांधकामाचा आकडा बिल्डरकडून घेऊ नका, बाहेरच्या इंजिनिअरकडून घ्या. बँकेशीही थेट बोला. अर्धवट सांगाडा लिलावात काढून तिला फारसं काही मिळत नाही, त्यामुळे तडजोडीला जागा असते.

कंपनी दिवाळखोरीत गेली तर पेपरात जाहीर नोटीस येते. लोकमत-सकाळच्या त्या बारीक अक्षरांच्या जाहिराती नेमानं वाचा. मुदतीत आपला दावा पुराव्यासह भरा, कोणी तुमच्या वतीनं भरणार नाही. त्या काळात महारेराच्या वसुलीलाही स्थगिती मिळते.

सही करण्याआधी

बिल्डर बोलावतो आणि म्हणतो, "काका, साठेखत रद्द करून टाकू, पुढच्या महिन्यापासून चेक देतो." रद्दलेख आधी आणि पैसे नंतर, असं कधीच करू नका. रद्दलेख नोंदला गेला की तुम्ही रांगेतून बाहेर पडता आणि हातात चेक तेवढे राहतात. रक्कम खात्यात आरटीजीएसनं जमा झाल्याचा क्रमांक रद्दलेखात लिहून, त्याच दिवशी नोंदणी करा. हप्त्यानंच पैसे घ्यायचे असतील तर शेवटचा हप्ता जमा झाल्यावर रद्दलेख होईल, असा समजुतीचा करार करा. चेक परत आलाच तर बँकेचा मेमो मिळाल्यापासून ३० दिवसांत नोटीस, नोटीस मिळाल्यावर त्याला १५ दिवस, आणि त्यानंतर एका महिन्यात न्यायालयात तक्रार. या तारखा चुकवल्या तर ती फौजदारी वाट अवघड होते. नोटिशीची तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवा.

"या साइटऐवजी महामार्गावरच्या दुसऱ्या साइटला गाळा देतो" हा दुसरा प्रस्ताव. त्या साइटचा महारेरा क्रमांक, सातबारा, बोजा, सगळा शोध नव्यानं घ्या. नवं साठेखत नोंदलं जाईपर्यंत जुनं सोडू नका.

आणि थांबलेल्या कॉम्प्लेक्समधलं कोणाचं तरी बुकिंग निम्म्या भावात मिळतंय म्हणून घ्यायला निघाला असाल, तर वरचा सगळा शोध आधी करा. शिवाय मूळ खरेदीदाराकडून नोंदणीकृत अभिहस्तांकन (त्याचा हक्क तुमच्या नावे करणारा दस्त), बिल्डरची लेखी ना-हरकत आणि त्या खरेदीदारावर कर्ज असेल तर त्याच्या बँकेचं पत्र, हे तिन्ही मिळाल्याशिवाय विसार म्हणूनसुद्धा पैसे देऊ नका.